फॉर्मॅलिनची बाटली, चाकणचा ट्रॅफिक आणि मेंदूचा एक ग्रॅम

शस्त्रक्रिया सकाळी साडेआठला सुरू झाली होती. पावणेबाराला आतून निरोप आला, तुकडा निघतोय. मी ओटीच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन उभी. दोन मिनिटं गेली, पाच गेली, आणि मग मामा बाहेर आले ते हातात फॉर्मॅलिनची बाटली घेऊन. सिस्टरनी वर्षानुवर्षांच्या सवयीने तुकडा थेट बाटलीत सोडला होता, झाकण घट्ट लावलं होतं आणि लेबलही सुवाच्य अक्षरात चिकटवलं होतं. त्यांना दोष कसा देणार? ओटीतून निघालेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनमध्येच जातो, पण त्यात पेशींतला आरएनए, म्हणजे कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू, मोडतो, आणि आम्हाला तोच वाचायचा होता. आम्ही सर्जन सरांशी तीन बैठका घेतल्या, पण सिस्टरशी एकही नाही. नमुना क्रमांक एक तिथेच बाद झाला, असं मी वहीत लिहिलं. वहीतली ती नोंद नंतर खोडावी लागली, पण ते पुढे येईल.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं, की मेंदूच्या पेशी एकेकट्या वाचायच्या, म्हणजे प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत ते पाहायचं म्हटलं की प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "कोणतं मशीन चांगलं?" आम्हीही तोच विचारला होता. त्यात आमचे पाच महिने आणि दोन नमुने गेले.

मूळ प्रश्न

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. योग्य निवडलेली दोन औषधं देऊनही फिट्स थांबत नसतील तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा मानतात. अशा रुग्णांपैकी काहींचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूचा स्मृतीशी जोडलेला भाग, आक्रसून कडक झालेला असतो. तो काढायला जाताना वाटेतला, म्हणजे कानाजवळच्या टेम्पोरल भागाच्या टोकाकडचा थोडा कॉर्टेक्सही (मेंदूची बाहेरची साल) काढावा लागतो. हा वाटेतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा जवळजवळ निरोगी दिसतो. निरोगी माणसाच्या मेंदूचा तुकडा कोणी मागून देत नाही, त्यामुळे जिवंत मानवी कॉर्टेक्सबद्दल जगाला जे कळलंय त्यातलं बरंचसं याच वाटेने आलेलं आहे.

सर्जन सरांचा प्रश्न साधा होता. मेंदूतल्या राखणदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, फिट्स येणाऱ्या मेंदूत भडकलेल्या असतात का, आणि असतील तर त्या भडकल्याची खूण त्यांच्या आरएनएमध्ये दिसते का? पॅथॉलॉजिस्ट मॅडमना तो आवडला. मला तर फारच आवडला, कारण एकपेशीय सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचणं, करायला मिळणार होतं.

या शाखेचा प्रवास दोन आकड्यांत सांगता येतो. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने मानवी मेंदूतल्या ४६६ पेशी वाचल्या. त्यांतल्या प्रौढांच्या पेशी अशाच टेम्पोरल शस्त्रक्रियांमधून आल्या होत्या. २०२३ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने प्रौढ मेंदूतल्या शंभरेक जागांमधून ३० लाखांहून अधिक केंद्रकं वाचून नकाशा मांडला. सगळ्यांचं लक्ष ४६६ आणि ३० लाखांकडे जातं. माझं चुकलं ते तिथेच. पेशींच्या जागी केंद्रकं आली, हा बदल मी वाचला आणि पुढे गेले.

नमुना दोन: अख्ख्या पेशी

एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. या वेळी सिस्टरना आदल्या दिवशी भेटून सगळं सांगितलं होतं. तुकडा बर्फात गार केलेल्या, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या द्रावणात आला. रंग गुलाबीसर, वरच्या बाजूला करडी साल आणि खाली पांढरा मगज. वजन एक ग्रॅमच्या आसपास. हातात काय आहे ते कळायला मला क्षणभर वेळ लागला.

अख्ख्या पेशी सुट्या करायच्या तर त्यांना धरून ठेवणारं जाळं पचवावं लागतं. त्यासाठी पपेन वापरतात. पपईच्या चिकातलं तेच, ज्याने मटण मऊ करतात. तुकडा बारीक चिरून ३७ अंशांवर पाऊण तास पपेनमध्ये ठेवला आणि मग पिपेटने वरखाली करत सोडवला. प्रौढ मेंदूत चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण इतकं असतं, की द्रावणावर तुपासारखा तवंग आला. तो काढता काढता पेशीही गेल्या. ट्रायपॅन ब्लू टाकून पाहिलं तर निम्म्याहून जास्त पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. उरल्या त्यांत बारक्या गोल ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. चेतापेशी जवळपास नाहीतच. आता वाटतं, असणार कशा? पिरॅमिडल चेतापेशीच्या फांद्या आणि अक्षतंतू शेजारच्या हजारो पेशींत गुंतलेले असतात. तिला अख्खी सोडवून काढणं म्हणजे वडाचं झाड पारंब्यांसकट उपटून बादलीत ठेवण्यातला प्रकार. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत जमतं, चाळिशीच्या माणसाच्या मेंदूत फार थोडं.

तरीही आम्ही निघालो, कारण पेशी थेंबात भरणारं आमच्या आवाक्यातलं यंत्र पुण्यात होतं. दुपारी दीडला गाडी सुटली. सिन्नर, संगमनेर ठीक गेलं. नारायणगावला चहा नाकारला, उगाच वेळ नको म्हणून. राजगुरुनगरनंतर गाडी रांगायला लागली आणि चाकणला सव्वा तास उभी राहिली. मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात मरत चाललेल्या पेशी, आणि शेजारच्या ट्रकवर 'हळू चालवा, घरी कोणीतरी वाट पाहतंय'. पोचलो तेव्हा पुण्यातल्या सहकाऱ्याने एक थेंब काचेवर घेतला, पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे सूप झालंय. चिपवर घालायचं का पैसे वाचवायचे?" एका खेपेला रसायनांचाच खर्च लाखाच्या पुढे जातो. पैसे वाचवले.

रस्ता मोकळा असता तरी आमच्या प्रश्नाला हा मार्ग जड गेला असता. पेशी ३७ अंशांवर पचत असताना जिवंत असतात आणि त्यांना आपली चिरफाड चाललेली कळते. फॉस (FOS), जून (JUN) यांसारखी ताणाची जनुकं काही मिनिटांत पेटतात. बॉस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की या पचनक्रियेनेच मायक्रोग्लियांवर भडकल्याचा खोटा शिक्का उमटतो. नवा आरएनए आणि प्रथिनं बनणं रोखणारी द्रव्यं सुरुवातीपासून घातली तर तो शिक्का दबतो. आम्ही ती घातली नव्हती. म्हणजे चाकण लागलं नसतं तर आम्ही सुंदर आलेख काढून 'अपस्मारात मायक्रोग्लिया भडकलेल्या असतात' असं लिहून मोकळे झालो असतो, आणि दाखवला असता तो आमच्याच पपेनचा प्रताप. त्या ट्रॅफिकला मी अजून शिव्या देते, पण जरा कमी.

गोठलेलं द्राक्ष

मग केंद्रकांकडे वळलो. निफाडकडच्या माणसाला समजावायचं तर असं: द्राक्षाचा घड फ्रीझरमध्ये गोठवा आणि बाहेर काढा. साली फुटतात, रस वाहून जातो, बिया शाबूत राहतात. (बियांच्या द्राक्षांबद्दल बोलतेय, थॉमसनवाल्यांनी हसू नये.) मेंदूचं तसंच. गोठवताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशीचं आवरण फाटतं, पण केंद्रकाचं टिकतं. म्हणून गोठवलेल्या मेंदूतून अख्खी पेशी निघत नाही आणि केंद्रक निघतं. आणि एकदा तुकडा गोठला की घड्याळ थांबतं. चाकणला सव्वा तास लागो नाहीतर अडीच.

तोटा उघड आहे. केंद्रकात आरएनए कमी. अमेरिकेतल्या अॅलन इन्स्टिट्यूटच्या गटाने २०१८ मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या ४६३ पेशी आणि त्यांच्याशी जुळणारी ४६३ केंद्रकं शेजारी ठेवली. पेशीत साधारण ११,००० जनुकं दिसली, केंद्रकात ७,०००. तरीही दोन्हींतून चेतापेशींचे तेच ११ प्रकार वेगळे ओळखता आले. केंद्रकातला आरएनए बराचसा अर्धवट शिवलेला असतो, त्यात इंट्रॉन, म्हणजे पुढे कापून टाकले जाणारे तुकडे, असतात. ते मोजले नाहीत तर माहितीचा मोठा हिस्सा कचऱ्यात जातो. सेल रेंजर हे आरएनए मोजणारं सॉफ्टवेअर ७व्या आवृत्तीपासून इंट्रॉन आपोआप धरतं. त्याआधीच्या आवृत्तीने काढलेल्या आकड्यांशी तुलना करताना हे विसरणारे खूप भेटतात.

इथवर सगळं सोयीचं होतं. मग पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी एक लेख समोर ठेवला. बेल्जियममधल्या लूव्हनच्या गटाने २०२० मध्ये मानवी मायक्रोग्लियांच्या पेशी आणि केंद्रकं यांची तुलना केली होती. केंद्रकांत कमी पडणारी जनुकं जेमतेम एक टक्का होती. पण त्या एक टक्क्यात एपीओई, सीएसटी३, एसपीपी१, सीडी७४ ही मंडळी होती, म्हणजे मायक्रोग्लिया भडकल्याचं ज्यांच्यावरून ओळखायचं नेमकी तीच.

पेच सांगायला एक वाक्य पुरतं. आमच्या गावाला, रस्त्याला, खिशाला परवडणारी पद्धत आमच्याच प्रश्नाबाबत आंधळी होती, आणि डोळस पद्धत स्वतःच खोटं रंगवत होती.

बैठक बराच वेळ चालली. सर म्हणाले, "मग प्रश्न बदलू." मला ते हरल्यासारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "बदलू नको, वाटून घे." ठरलं ते असं: केंद्रकांना विचारायचं ते चेतापेशींबद्दल आणि अॅस्ट्रोसाइट या ताऱ्यासारख्या ग्लियांबद्दल. मायक्रोग्लिया भडकल्यात का, हे केंद्रकांना विचारायचंच नाही.

थेंब, ताटली की अदलाबदल

केंद्रकं ठरली तरी ती वाचायची कशी हे उरतंच. स्मार्ट-सीक कुळातल्या पद्धतीत प्रत्येक केंद्रक ताटलीतल्या वेगळ्या विहिरीत जातं आणि आरएनए टोकापासून टोकापर्यंत वाचला जातो. एससीएन१ए सारख्या सोडियम वाहिनीच्या जनुकाचे तुकडे कोणत्या क्रमाने शिवले गेलेत, हे पाहायचं तर अशी पूर्ण लांबी वाचणारी पद्धत लागते, आणि अपस्मारात तो प्रश्न पोरकट नाही. पण केंद्रकं एकेक वेचणारं सॉर्टर हवं आणि संख्या शेकड्यांत किंवा काही हजारांत राहते. टेनएक्स कंपनीच्या क्रोमियम यंत्रासारख्या थेंबाच्या पद्धतीत तेलातल्या प्रत्येक थेंबात एक केंद्रक आणि एक बारकोडवाला मणी गाठ पडतात. हजारो केंद्रकं काही मिनिटांत, पण आरएनएचं फक्त एक टोक वाचलं जातं. शिवाय लोभ नडतो. केंद्रकं जास्त भरली की एका थेंबात दोन जाण्याचं प्रमाण वाढतं. जुन्या चिपवर दर हजार केंद्रकांमागे साधारण ०.८ टक्का, म्हणजे दहा हजारांना आठेक टक्के जोडगोळ्या.

तिसरी पद्धत मला मनापासून आवडली होती. तिला यंत्रच लागत नाही. केंद्रकं स्थिर करायची, विहिरींत वाटायची, प्रत्येक विहिरीत एक खूण लावायची, पुन्हा एकत्र करून पुन्हा वाटायची. तीन-चार फेऱ्यांनंतर प्रत्येकाचा खुणांचा संच वेगळा होतो. सिअॅटलच्या गटाने २०१८ मध्ये याच पद्धतीने पिल्लू उंदरांच्या मेंदूतली आणि मज्जारज्जूतली दीड लाखावर केंद्रकं वाचली. यंत्र नको, म्हणजे पुणं नको! पण दर धुण्यात केंद्रकं गळतात. सुरुवातीलाच भरपूर हवीत, आणि आमच्याकडे वाटाण्याएवढे तुकडे. मी हट्ट सोडला, मनातून नाही.

थेंबावर शिक्कामोर्तब व्हायचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. मानवी टेम्पोरल कॉर्टेक्सचा ताटलीवर केलेला खोल नकाशा अॅलन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये आधीच मांडून ठेवलाय: १५,९२८ केंद्रकं, ७५ प्रकार. तपशिलाची खोली त्यांच्याकडून उसनी घ्यायची आणि आपण संख्या आणायची.

नमुना तीन

गोठवायला द्रव नत्र हवा. औद्योगिक वसाहतीत चार ठिकाणी फिरलो. कोणाला टँकरभर विकायचा होता, कोणाला विकायचाच नव्हता. शेवटी मॅडमचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "अहो, गाय भरवायला डॉक्टर येतात ना, त्यांच्या गाडीवर टाकी असते की." कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या ठेवतात तो हाच नत्र, उणे १९६ अंश. तेव्हापासून आमची कॅन तिथूनच भरून येते.

तिसऱ्या रुग्णाच्या आईला संमतिपत्र मीच वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या अभ्यासासाठी जास्तीचं काही कापणार नाही ना?" नाही म्हटलं. काढायचं तेवढंच काढणार, त्यातलं तपासणीला लागतं ते आधी मॅडमकडे, उरलेलं आम्हाला. त्यांनी फॉर्ममध्ये ते वाक्य बोटाने शोधलं, मला परत वाचायला लावलं आणि मग सही केली. या प्रकरणातली मला सर्वांत नेमकी वाटलेली चौकशी ती.

तुकडा आला. गार काचेवर करडा आणि पांढरा भाग वेगळे केले. ही पायरी टाळली तर पांढऱ्या भागातल्या ऑलिगोडेंड्रोसाइटच, म्हणजे मायलिन बनवणाऱ्या पेशीच, सगळी जागा अडवतात. थेट नत्रात बुडवला नाही, कारण तुकड्याभोवती वाफेचा थर धरतो, गोठणं मंदावतं आणि चिरा पडतात. नत्रात गार केलेल्या आयसोपेन्टेन या द्रवात सोडला. पाच कुप्या, पाच लेबलं, ओटीतून निघाल्यापासून नऊ मिनिटं. शनिवारी देखभालीसाठी वीज जाते म्हणून कुप्या शुक्रवारीच ड्राय आइसमध्ये पुण्याला धाडल्या. कुरियरवाल्याने थर्माकोलचा खोका उलटा ठेवला होता. काही बिघडलं नाही.

केंद्रकं काढणं हे हाताचं काम आहे. काचेचा खल, त्यात बसणारा काचेचा बत्ता, आधी सैल, मग घट्ट. गार द्रावणात सौम्य डिटर्जंट आणि आरएनए वाचवणारं द्रव्य. ताक घुसळताना लोणी हवं असतं, फेस चालतो. इथे फेस आला की केंद्रकं फुटायला लागलीच. मी दहा-बारा खेपा मारल्या आणि थांबले. आणखी दोन मारू का, हा मोह प्रत्येकाला होतो. मग गाळणी आणि सेंट्रिफ्यूज. मायलिनचा कचरा वर राहिला आणि केंद्रकं तळाशी बसली.

काचेवर पाहिलं तर सगळं निळं. पेशींच्या वेळी निळं म्हणजे मृत्यू, इथे सगळं निळंच दिसायला हवं, कारण आवरण गेलेलंच असतं. पाहायची ती कड. गुळगुळीत गोल कड म्हणजे शाबूत, मोडाच्या मटकीसारखं टोक बाहेर आलेलं म्हणजे गळती सुरू. मोठी, फिकट, मध्ये ठसठशीत ठिपका असलेली ती चेतापेशींची. लहान, गडद, घट्ट ती ऑलिगोडेंड्रोसाइटची. मी पुण्याच्या त्या खोलीत दहा मिनिटं नुसती पाहत बसले. सहकारी म्हणाला, "हे चिपवर घालू."

निकालातला चेतापेशींचा भाग अपेक्षेपेक्षा चांगला आला. थरांनुसार उत्तेजक चेतापेशी, सोमॅटोस्टॅटिन आणि पार्व्हअल्ब्युमिन या प्रथिनांवरून ओळखायच्या शामक चेतापेशी, २०१९च्या नकाशावर बसवल्या तर आपापल्या जागी जाणाऱ्या. पण सुरुवातीला एक भूत होतं. अॅस्ट्रोसाइटमध्येही चेतापेशींची जनुकं दिसत होती, मायक्रोग्लियातही. हा द्राक्षाचा रस. फुटलेल्या पेशींतला आरएनए द्रावणात तरंगतो आणि प्रत्येक थेंबात थोडा शिरतो. मेंदूत चेतापेशी आरएनएने सर्वांत भरलेल्या, म्हणून रस बहुतेक त्यांचाच. सेलबेंडर हे सॉफ्टवेअर चालवून तो वजा केल्यावर एक अख्खा 'नवा प्रकार' नाहीसा झाला. सहकाऱ्याने त्याला नावही ठेवलं होतं.

मायक्रोग्लियांचं टिंबांचं छोटं बेट कोपऱ्यात दिसत होतं. ठरल्याप्रमाणे त्याला काही विचारलं नाही. सरांनी दोनदा विचारायचा प्रयत्न केला.

बाद नमुना

मायक्रोग्लियांचा प्रश्न तसाच उरला होता. मग मॅडमनी कपाट उघडलं आणि पहिल्या रुग्णाचा मेणातला ठोकळा काढला. सिस्टरनी फॉर्मॅलिनमध्ये सोडलेला तोच. त्याचे पातळ काप घेऊन मायक्रोग्लिया दाखवणाऱ्या आयबीए१ आणि सीडी६८ या दोन प्रथिनांसाठी रंग दिला. इथे पेशी फोडायची गरज नाही, पचवायची नाही, काढायची नाही. मायक्रोग्लिया जिथे होती तिथेच, बाटलीत थिजलेली. कॉर्टेक्सच्या वरच्या थरांत तपकिरी रंगाच्या बारीक, काटकुळ्या फांद्यांच्या पेशी. पांढऱ्या भागाकडे काच सरकवली तशी फांद्या आखूड आणि जाड होत गेल्या, अंगं फुगत गेली, काही ठिकाणी तर फांदीच नाही, नुसता गोळा. मॅडमनी काही न बोलता खुर्ची सोडली आणि मला बसायला सांगितलं.

अशा मेणातल्या ठोकळ्यांमधूनही आता आरएनए वाचता येतो. मोडलेल्या आरएनएवर जोडीने बसणारे शोधक वापरणारी टेनएक्सची फ्लेक्स पद्धत २०२२ नंतर त्याच कामाला आली. ते मोहाचं आहे, पण तूर्तास अनुदान संपलंय. शिवाय ठोकळा पहिल्या रुग्णाचा आणि केंद्रकं तिसऱ्या रुग्णाची. दोघांचं वय वेगळं, आजाराची वर्षं वेगळी, औषधं वेगळी. एकाच्या फुगलेल्या मायक्रोग्लिया दुसऱ्याच्या चेतापेशींवर बसवून गोष्ट जुळवायची नाही, यावर तिघांचं एकमत झालं. सरांचं थोडं उशिरा.

चौथ्या नमुन्याला एकाच तुकड्याचे दोन भाग होतील, शेजारशेजारचे. एक बाटलीत, एक आयसोपेन्टेनमध्ये. सिस्टरनी दोन रंगांची लेबलं मागवून ठेवलीत. रुग्णाच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ऑक्टोबरची छाटणी उरकल्यावरची मिळाली आहे.